उघड्यावर कार्यक्रम घ्यायचाय? ठाण्यात परवानग्यांची सुरुवात कुठून करायची

आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांचा दरवर्षी एकच आग्रह असतो. दिवाळी पहाट साडेपाचलाच सुरू व्हायला हवी. अभ्यंगस्नान उरकून, अंधार असतानाच भूपाळी कानावर पडावी ही ओढ मला मनापासून पटते. पण ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सूट देऊ शकतं, पण तीही रात्री 10 ते 12 या दोन तासांपुरती. पहाटेला सूट मुळातच नाही. एवढं माहीत नसल्यामुळे साडेपाचच्या पत्रिका छापल्या जातात आणि पोलीस ठाण्यात अर्जाच्या पहिल्याच ओळीखाली लाल पेनाची रेघ येते.

आम्ही मार्ग काढला तो असा. साडेपाचला लोक येतात, मैदानात पणत्या लावतात, पोरी रांगोळ्या घालतात, तानपुरा नुसता जुळत असतो. माईक सहाच्या ठोक्याला सुरू होतो. आता तो अर्धा तासच सगळ्यांना जास्त आवडतो.

गेली काही वर्षं या कार्यक्रमाची कागदपत्रांची बाजू मी सांभाळते. आपल्याकडे सहाशे-सातशे माणसं जमतील असा विनातिकीट कार्यक्रम, एक व्यासपीठ, मांडव, थोडे खाण्याचे स्टॉल, असा बेत धरून पुढचं लिहिलं आहे. व्याख्यानमाला, पुस्तक जत्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, महिला मंडळाचा मेळावा, कशालाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल.

आधी जागा, मग तारीख, मग पत्रिका

कार्यक्रमाच्या किमान 45 दिवस आधी कामाला लागा. पहिला प्रश्न असा की जागेचा मालक कोण? ठाण्यात याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नसतं. मैदान महापालिकेचं असू शकतं, शाळेच्या संस्थेचं असू शकतं, म्हाडा वसाहतीतलं असू शकतं. वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीचा भूखंड असू शकतो. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत बाग सोसायटीची की महापालिकेकडे हस्तांतरित झालेली, हे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. येऊरचं तर नावही काढू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे आणि तिथे स्पीकर लावणं जंगलातल्या जिवांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

महापालिकेची जागा असेल तर अर्ज आपल्या प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावाने करायचा. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे, कळवा, मुंब्रा आणि दिवा. काही मैदानांचं आरक्षण मुख्यालयातल्या विभागाकडे असतं, तेव्हा प्रभाग कार्यालयात आधी तेवढं विचारून घ्या, म्हणजे अर्ज टेबलांवरून फिरत बसणार नाही. खेळाचं मैदान खेळाखेरीज कामाला वापरायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37-अ खाली वर्षातले मोजकेच दिवस मिळतात. दिवाळी, गुढीपाडवा, गणपतीच्या आसपास ते दिवस आधीच कुणीतरी घेतलेले असतात.

आम्ही हे पहिल्याच वर्षी शिकलो. गायक ठरला, पत्रिका छापून घरोघर गेल्या आणि मग अर्ज घेऊन गेलो. त्या सकाळी मैदान दुसऱ्या मंडळाला दिलेलं होतं. चूक सर्वस्वी आमची होती. शेवटी शाळेच्या आवारात निम्म्या माणसांत कार्यक्रम करावा लागला.

अर्ज कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नावाने करू नका. नोंदणीकृत संस्था, न्यास किंवा सोसायटी, तिचं लेटरहेड, अध्यक्ष-सचिवांची सही, नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीचा ठराव, जबाबदार तीन माणसांची आधार कार्डं आणि मोबाईल नंबर, हा संच एकदाच तयार करा. अर्जात तारीख, तयारी सुरू होण्याची वेळ, कार्यक्रमाची वेळ, मांडव उतरवून जागा मोकळी करून देण्याची वेळ, या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. बहुतेक लोक फक्त कार्यक्रमाची वेळ लिहितात, आणि मग आदल्या संध्याकाळी मांडवाचे बांबू घेऊन आलेला टेम्पो गेटवर अडतो.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडायचं. हा शिक्का किती उपयोगाचा आहे ते पुढे येईलच.

एक नकाशा, सगळ्यांना तोच

माझ्या अनुभवात परवानग्यांचं निम्मं काम नकाशा करतो. महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, वीज कंपनी, सगळ्यांना खरं तर एकच जाणून घ्यायचं असतं: माणसं कुठून येणार, कुठे बसणार आणि काही घडलं तर कुठून बाहेर पडणार? हे तोंडी सांगितलं तर पाच जणांना पाच उत्तरं जातात. नकाशावर दाखवलं तर एकच जातं.

तो वास्तुविशारदाकडूनच हवा असं नाही. शालेय आलेख वही चालते, पण माप मात्र टेपने घ्या. मैदानाच्या चारही बाजू, सगळी फाटकं आणि प्रत्येकाची रुंदी, झाडं, विजेचे खांब, वरून जाणाऱ्या तारा, गटाराची झाकणं. मग व्यासपीठ, खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांमधल्या वाटा, ध्वनिक्षेपकांची जागा आणि तोंड, जनरेटर, खाण्याचे स्टॉल, पिण्याचं पाणी, फिरती शौचालयं, प्रथमोपचाराचं टेबल, रुग्णवाहिकेची उभी राहण्याची जागा. व्हीलचेअर घेऊन येणाऱ्यांसाठी पायरी नसलेली वाट आणि पहिल्या रांगेच्या कडेची मोकळी जागाही नकाशातच दाखवा. आयत्या वेळी ती निघत नाही. अग्निशमन गाडीसाठी रस्त्यापासून व्यासपीठापर्यंत एक वाट पूर्ण मोकळी हवी. आम्ही ती पाच मीटर ठेवतो आणि नकाशात लाल पट्ट्याने दाखवतो.

एका वर्षी हा लाल पट्टा कागदावरच राहिला. आदल्या संध्याकाळी अग्निशमन दलाचे अधिकारी पाहणीला आले, फाटकापासून टेप धरून चालू लागले आणि वीसेक पावलांवर थांबले. मंडपवाल्याने जनरेटर नेमका त्याच वाटेत लावला होता. केबल कमी पडत होती, म्हणून जवळ घेतला, असं त्याने सांगितलं. अधिकारी शांतपणे म्हणाले, "ताई, नकाशा मला दिलात, तसा यांना दिला होता का?" दिला नव्हता. जनरेटर हलवून, केबल बदलून, सही मिळेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. तेव्हापासून मंडपवाला, साऊंडवाला आणि वायरमन या तिघांनाही नकाशाची प्रत देते आणि मिळाल्याची सही घेते.

पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जागा आहे, तिथे वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने अर्ज. नौपाडा, ठाणेनगर, राबोडी, वर्तकनगर, कापूरबावडी, चितळसर, कासारवडवली, हद्दी कधीकधी रस्त्याच्या मधोमध बदलतात, त्यामुळे आधी खात्री करून घ्या. बहुतेक ठिकाणी हे काम गोपनीय शाखेतले अंमलदार पाहतात. त्यांना हवं असतं ते हे: कार्यक्रमाचं स्वरूप, वक्ते किंवा कलाकारांची नावं, कुणी मंत्री वा प्रसिद्ध व्यक्ती येणार आहे का, अंदाजे गर्दी, तुमचे स्वयंसेवक किती, सीसीटीव्ही आहे का. गर्दीचा आकडा कमी करून सांगू नका. तीनशे लिहायचं आणि आठशे आणायचे, याने बंदोबस्त अपुरा पडतो आणि चेंगराचेंगरी झाली तर तो कागद तुमच्याच विरोधात उभा राहतो.

पोलीस आयुक्तालयातर्फे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश वेळोवेळी निघतात. असा आदेश चालू असताना विनापरवाना जमाव, मिरवणूक, सभा यांवर बंदी असते. रीतसर परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाची त्याने अडचण होत नाही, पण परवानगीचा मूळ कागद कार्यक्रमाच्या जागी हजर पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर मार्ग थोडा बदलतो. व्यासपीठावर राजकीय पाहुणे आणि बॅनरवर त्यांचे फोटो नसतील एवढं तरी तेव्हा पाहाच.

आता त्या शिक्क्याचं. पोलीस म्हणतात, जागेची परवानगी आणा, मग आम्ही ना हरकत देऊ. महापालिका म्हणते, पोलिसांची आणि वाहतूक शाखेची ना हरकत आणा, मग जागा देऊ. पुष्कळ मंडळी इथेच आठ-दहा दिवस हेलपाटे घालतात. यावर उपाय म्हणजे सगळ्या अर्जांना एकाच दिवशी आवक शिक्का घ्यायचा आणि प्रत्येक अर्जाला बाकीच्या शिक्कामोर्तब प्रती जोडायच्या. मग "अर्ज केला आहे, ही पोहोच" असं दाखवता येतं आणि "संबंधित विभागांच्या ना हरकतीच्या अधीन राहून" अशी परवानगी कुठल्यातरी एका टेबलावरून सुटते. एक सुटली की बाकीच्या हलतात.

रस्ता बंद करायची गरज पडेल असा कार्यक्रम शक्यतो घेऊच नका. घ्यायचाच झाला, उदाहरणार्थ राम मारुती रोडवर किंवा तलावपाळीच्या कडेने शोभायात्रा, तर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना अधिसूचना काढावी लागते, पर्यायी मार्ग ठरवावे लागतात, टीएमटीच्या बसेस वळवाव्या लागतात. त्याला महिनाभराची मुदत द्या. मैदानातल्या कार्यक्रमालाही वाहतूक शाखेला विसरू नका; सातशे माणसांमागे दीडशे दुचाकी येतात, त्या कुठे लावणार ते नकाशात दाखवा.

रस्ते आणि पदपथ अडवण्याबद्दल न्यायालयाची भूमिका आता स्पष्ट आहे, आणि तिच्यामागे एक ठाणेकरच आहेत. डॉ. महेश बेडेकर यांनी 2010 मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये निकाल दिला. सुस्थितीतले, अडथळ्याविना रस्ते-पदपथ हा नागरिकांचा हक्क आहे. त्यावर मंडप टाकायला सरसकट परवानग्या देता येणार नाहीत. मला हा निकाल आयोजकांच्याही हिताचा वाटतो. रस्त्यावरचा मांडव पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या मनातून उतरतो.

आवाज: 65 चा हिशेब

ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलिसांकडून वेगळा, लेखी घ्यावा लागतो. कार्यक्रमाची परवानगी मिळाली म्हणजे स्पीकरची मिळाली असं नाही.

आता मर्यादा किती? निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. व्यापारी भागात 65 आणि 55. शांतता क्षेत्रात 50 आणि 40. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे निवासी भागात सकाळी तुमच्या मैदानाच्या कुंपणाशी 65. अनेकांना 75 हाच आकडा पाठ असतो, आणि वसाहतीत तो चुकीचा ठरतो.

65 म्हणजे फार नाही. दोन उंच स्पीकर व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना लावून मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हटलं तर कुंपणाशी तो हमखास ओलांडला जातो. साऊंडवाल्याला सांगून लहान स्पीकर जास्त ठिकाणी, कमी उंचीवर आणि तोंड आतल्या बाजूला करून लावा. आमच्याकडे एक कार्यकर्ता मोबाईलवर मीटरचं ॲप लावून दर अर्ध्या तासाने चारही कोपऱ्यांवर फिरतो आणि वहीत वेळ-आकडा लिहितो. मोबाईलचं मोजमाप पुराव्याला पुरेसं नाही, पण साऊंडवाल्याला वेळेत खूण करायला पुरतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं 100 मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र तुमच्या जागेला लागतं का, हे पोलिसांकडून लेखी विचारून घ्या. कागदावर लागत नसलं आणि शेजारी प्रसूतिगृह असलं, तर माझ्या मते जागा बदलावी.

शेजाऱ्यांना भेटणं कुठल्याही अर्जात नाही, तरी मी ते परवानगीच मानते. आठवडाभर आधी मैदानालगतच्या इमारतींत घरोघर जाते. एका काकूंकडे आवाजाबद्दल क्षमा मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही गं, पण आमच्या ह्यांना त्या दिवशी सातला डायलिसिसला न्यायचंय. गाडी गेटातून निघेल ना?" त्यांचं गेट आमच्या नकाशात दुचाकींच्या रांगेमागे होतं. रांग हलवली आणि एक स्वयंसेवक खास त्या गेटावर उभा केला.

आग आणि वीज

अग्निशमन दलाच्या ना हरकतीसाठी नकाशा, मंडपवाल्याचं पत्र आणि हमीपत्र लागतं. तात्पुरत्या मांडवांच्या आगप्रतिबंधासाठी भारतीय मानक आयएस 8758 आहे; मंडपवाल्याला ते माहीत आहे का, हे ठरवतानाच विचारा. बाहेर पडायचे मार्ग किमान दोन आणि एकमेकांपासून लांब, कनात दोरीने न बांधता झटकन सरकेल अशी, पडदे आगरोधक प्रक्रिया केलेले, व्यासपीठाखाली पुठ्ठे-खोकी काहीही नाही. अग्निशामक नळकांड्यांवरची भरण्याची तारीख पाहा आणि ती चालवता येणारी दोन माणसं आधी ठरवा. गॅस सिलिंडर असलेले स्टॉल मांडवाबाहेर, उघड्यावर.

विजेसाठी तात्पुरती जोडणी घ्यायची. ठाणे शहरात महावितरणकडे, कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात मार्च 2020 पासून टोरेंट पॉवरकडे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. सोसायटीच्या मीटरवरून वायर ओढणं किंवा खांबावर आकडा टाकणं, दोन्ही नको. 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवलाच पाहिजे, जनरेटरला अर्थिंग हवं आणि जमिनीवरच्या केबलवर रबरी उतार. पहाटे दव पडलेलं गवत ओलं असतं, तिथे अनवाणी पोरं धावत असतात.

बाकीचे कागद

बॅनर-कमान लावायची तर महापालिकेची वेगळी परवानगी, आणि परवानगी क्रमांक व मुदत बॅनरवर छापलेली. विनापरवाना फलक महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 खाली गुन्हा ठरू शकतो. झाडांना खिळे ठोकू नका, बुंध्याला दिव्यांच्या माळाही गुंडाळू नका.

वर्गणी गोळा करणारी संस्था नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. खाण्याच्या स्टॉलवाल्यांकडून एफएसएसएआय नोंदणीची प्रत मागून ठेवा. शंभरपेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाची खबर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला देणं आणि ओला-सुका कचरा वेगळा करून देणं, ही अट 2016 च्या घनकचरा नियमांनी आणली. प्रभाग कार्यालयात दिलेल्या अर्जातच ती एक ओळ घाला आणि घंटागाडीची वेळ मागून घ्या.

गाण्यांचा परवाना बहुतेक मंडळं विसरतात. चित्रपटगीतं वा भावगीतं जाहीरपणे गायची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो, मूळ ध्वनिमुद्रण वाजवायचं तर ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्यांकडे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण दिवाळी पहाटेची मैफल त्यात बसवायचा मोह टाळा. ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. त्यांना गेल्या पिढीतल्या संगीतकाराने दिलेली चाल मात्र त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याच्या वारसांची असते. कलाकाराची मेहनत सन्मानाने वापरायची तर हे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरले पाहिजेत.

नाट्यप्रवेश किंवा एकांकिका असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा संहिता परवाना पोलीस मागतात. तिकीट लावलंत की जीएसटी आणि करमणुकीच्या परवान्यांचं वेगळं काम मागे लागतं. पहिल्या वर्षी तिकीट नकोच.

ऐरोली, वाशीकडच्यांसाठी

खाडीपलीकडे नवी मुंबईत महापालिका वेगळी आणि पोलीस आयुक्तालयही वेगळं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर इथे विभाग कार्यालयात अर्ज करायचा. तिथली मुख्य मेख जमिनीची आहे. शहर सिडकोने वसवलं, त्यामुळे काही मोकळे भूखंड आजही सिडकोच्या ताब्यात आहेत. समोरचं मैदान महापालिकेकडे हस्तांतरित झालंय का, हे विभाग कार्यालयात विचारून, नसेल तर आधी सिडकोची परवानगी. बाकी क्रम तोच.

आदला दिवस आणि नंतरचा

दोन आठवडे आधी प्रत्येक टेबलावर एकदा समक्ष जाऊन या. त्रुटी असेल तर त्याच दिवशी लेखी विचारा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कुणाकडे करायचं याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. तो वाचून, मुदतीचा उल्लेख करून नम्रपणे स्मरणपत्र दिलं की काम हलतं. आवाज चढवून काही साधत नाही. समोरच्या कारकुनाच्या टेबलावर तुमच्यासारखे वीस अर्ज असतात. शुल्क आणि अनामत चलनानेच भरा, पावती मागून घ्या, रोखीने कुणाच्याही हातात देऊ नका.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या परवानग्या एका प्लास्टिक फोल्डरमध्ये व्यासपीठाच्या डाव्या बाजूला एकाच माणसाकडे ठेवा. पोलीस आले, प्रभाग कार्यालयातले आले, कुणी शेजारी तक्रार घेऊन आले तर बोलणार तोच. त्याला गाणं ऐकायला मिळणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. फाटकावर 112 आणि 108 मोठ्या अक्षरांत लावा आणि रुग्णवाहिका कुठून आत येईल हे प्रत्येक स्वयंसेवकाला प्रत्यक्ष चालवून दाखवा.

मांडव उतरल्यावर बांबूंचे खड्डे मातीने भरून, पाणी मारून दाबून घ्या. दुसऱ्या दिवशी पोरं तिथेच क्रिकेट खेळायला येतात आणि उघड्या खड्ड्यात पाय मुरगळतो. मग नकाशातल्याच चार कोपऱ्यांवर उभं राहून फोटो काढा, ते प्रभाग कार्यालयात द्यायच्या अनामत परताव्याच्या अर्जाला जोडा, चलनाची मूळ पावती सोबत द्या. या अर्जावरही आवक शिक्का घ्यायचा आणि ती प्रत त्याच फाइलमध्ये लावायची. पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडायला ती लागेल.